सूचनांना हात लावू नये

सोमवार, २ फेब्रुवारी

अठ्ठावीस वर्षं बातम्यांच्या टेबलावर घासल्यावर आज साहेबांनी मला उचलून रविवार पुरवणीत बसवलं. कामं तीन: वाचकांची पत्रं, चित्रांतले फरक ओळखा, आणि शब्दकोडं. वर गाजर असं, की पुरवणीच्या प्रमुख बाई मार्चअखेर निवृत्त होतायत, 'तुमचा विचार होऊ शकतो.'

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "बरं झालं, रक्तदाब तरी उतरेल." आणि ही वही हातात ठेवली. डॉक्टरांनी मनातलं लिहून काढायला सांगितलंय म्हणे.

ऑफिसात माझ्यामागे मला 'रफार' म्हणतात. दुसऱ्यांच्या डोक्यावर बसतो म्हणून. मला हे ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

कोड्याचं पाकीट आलं. पाठवणारे एक निवृत्त शिक्षक, वीसेक वर्षं पाठवतायत. ऑफिसात त्यांना कोडेमास्तर म्हणतात, पाहिलेलं कुणीच नाही. आखीव कागद, टोकदार पेन्सिल, काळे चौकोन पट्टी लावून भरलेले. माणूस नेटका आहे.

काही सूचना झकास. 'ती दाखवून पळतात, तो घोकतात': पाठ. 'ती बुडते, ते बुडवतात': नाव. 'तवा उलटला आणि दिव्यात गेला': वात. वाचताना एकटाच हसलो.

पण आडव्या शब्दांच्या सूचना म्हणजे डोकं फिरवणारा प्रकार. 'ठीकठाक नाही असे.' अरे, सरळ 'विस्कटलेले' म्हणा ना! 'कीटकच, पण मध गोळा करणारा.' वाक्याची सुरुवात नेहमी वाकडी, दार सोडून खिडकीतून उडी मारल्यासारखी. नऊपैकी पाच सरळ करून टाकल्या.

पानं लावणारा मिशाळ गडी म्हणाला, "साहेब, तुमच्याआधीचे इथे खणात चिठ्ठी चिकटवून गेलेत, बघा." बघितली. 'कोड्याच्या सूचनांना हात लावू नये.' बस्स, एवढंच. नियम लिहिताना कारणही लिहायचं असतं. मी ती खरवडून काढली.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मास्तरांची दोन ओळींची चिठ्ठी. 'सूचना जशाच्या तशा छापाव्यात ही विनंती. काना-मात्रेचाही बदल नको.'

आभार नाहीत, काही नाही. माणसाचा अहंकार बघा! या खेपेच्या आठपैकी सहा सूचना बदलल्या. दोन तर बदलायची गरज नव्हती, हे इथे लिहून ठेवतो. वहीत खोटं लिहायचं नसेल तर.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मास्तरांचा फोन आला. आवाज असा, की पत्र्यावरून वाळू ओढतायत. अर्धं कळत नव्हतं. "एकही... शब्द... बदलू नका हो."

मी म्हटलं, "का, ते सांगा."

आधी खोकले. मग, "माझी... पद्धत आहे."

"आमचीही एक पद्धत आहे, मास्तर. तिला संपादन म्हणतात."

मिशाळ गडी हसला. त्याने हसावं म्हणूनच मोठ्याने बोललो होतो. फोन ठेवल्यावर मात्र चहा गोड लागेना. आजारी माणसाशी असं बोलायला नको होतं. पण सर्दी-खोकला कुणाला होत नाही?

गुरुवार, २६ फेब्रुवारी

एका बाईंचा फोन. दूरच्या गावाहून, आमची तिकडची आवृत्ती घेतात. "रविवारचं कोडं हल्ली कोण करतं?"

"तेच करतात. या महिन्यापासून मी जरा हात फिरवतो. भाषा सुधारल्यासारखी वाटते ना?"

"म्हणजे शब्द तुमचे असतात?"

"बरेचसे."

"पण ते... बरे आहेत ना? कोडं करणारे?"

"मजेत असतील. कोडी तर वेळेवर येतायत."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. वाचकांचं लक्ष असतं. प्रमुख बाईंच्या कानावर घातलं.

रविवार, ८ मार्च

मुलाचा निरोप आला, 'बाबा, नविन घर घेतलय, तुम्ही दोघ या.' तीन चुका. तिन्ही दुरुस्त करून परत पाठवला, खाली अभिनंदन. उत्तर आलं नाही. कामात असेल.

गुरुवार, १२ मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी त्या बाईंचा पुन्हा फोन. "एक काम होतं. त्यांनी हाताने लिहिलेले मूळ कागद तुमच्याकडे असतील ना? मला फक्त आडव्या सूचनांचे पहिले शब्द वाचून दाखवाल?"

"मूळ प्रती आम्ही कुणाला दाखवत नाही."

"दाखवू नका. नुसते पहिले शब्द."

"तसा नियम नाही, बाई."

"मग राहू दे." तरी नंबर दिला, "विचार बदलला तर," म्हणून. मी तो पाकिटाच्या पाठीवर टिपला.

पहिले शब्दच का? चाळा म्हणून कागद काढले. ८ फेब्रुवारीचा घेतला आणि मास्तरांच्या सूचना वरून खाली पाहत गेलो. प्रत्येकीचं पहिलं अक्षर. घ, सा, दु, ख, तो, बा, की, ठी, क.

घसा दुखतो, बाकी ठीक.

खुर्चीवरून उठलो, पाणी प्यालो, परत बसलो.

पंधरा फेब्रुवारी: घशात गाठ निघाली. बावीस: घाबरू नकोस. एक मार्च: वीस तारखेला ऑपरेशन. आणि गेल्या रविवारी: आवाज संपेल त्याआधी ये.

'जाणार' लिहिलं नाही, 'संपेल' लिहिलं. 'णा'ने सुरू होणारा शब्द आपल्या भाषेत नाही, हे मला कळायला एक मिनिट लागलं. म्हणूनच 'ठीकठाक नाही असे'. म्हणूनच 'धीट नसलेला'. तो मी 'भित्रा' केला होता. छापलेल्या पानांवर तीच अक्षरं जोडून बघितली. नुसता चोथा.

खणात जुने अंक होते. चाळत गेलो. 'वाढदिवस सुखाचा जावो.' 'तिकडे थंडी फार का?' 'चूक माझी होती.' हे शेवटचं तर दर दोन-चार महिन्यांनी. वर्षानुवर्षं तो माणूस कुणाशी तरी बोलतोय आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

समोर येत्या रविवारचं कोडं होतं. घर तेच आहे, ये. ते जसंच्या तसं सोडलं. एका अक्षरालाही धक्का लावला नाही.

त्या बाईंना फोन केला नाही.

शुक्रवार, १३ मार्च

केला नाही. कारणं लिहितो. एक, मी कुणाच्या घरच्या भानगडीत का पडावं? दोन, उद्या त्या साहेबांना पत्र लिहितील, 'तुमच्या उपसंपादकाने...' आणि प्रमुखपदाची बैठक अठराला आहे. तीन, रविवारी कोडं छापून येतंच आहे, बाई वाचतील आणि जातील. म्हणजे माझ्या हातून काही न होताच सगळं होईल.

पहिली दोन कारणं तिसऱ्याच्या आड लपलीत, हे लिहिताना दिसतंय. तरी लिहितो.

रविवार, १५ मार्च

छापून आलं. 'घरघर करते पण घर नाही.' 'रडताना पुसतात ते.' 'तेल संपले की विझतो.' आज पहिल्यांदा त्यांच्या सूचना वाकड्या वाटल्या नाहीत.

पण संध्याकाळी चालताना एकदम ध्यानात आलं आणि रस्त्यातच थांबलो. बाईंना मीच सांगितलंय, शब्द माझे असतात म्हणून. त्या आता कशाला अक्षरं जोडतील? आणि जोडली तरी यात तारीख कुठे आहे?

मंगळवार, १७ मार्च

पाकिटावरच्या पत्त्यावर गेलो. खरं सांगून मोकळं व्हायचं, असं घरून ठरवून निघालो होतो.

तिसरा मजला, एकच खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर शब्दकोश, पाठ सुटलेला, दोरीने बांधलेला. दाराशी भरलेली पिशवी, वर हॉस्पिटलची फाइल. मास्तर लहानखुरे निघाले. गळ्याला मफलर. मी नाव सांगितलं तेव्हा माझ्याकडे असे बघत राहिले, की वाटलं, आता हाकलतील. पण त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा. रविवारचं... नीट छापलंत. बरं वाटलं."

मी म्हटलं, "तुमची तब्येत..."

"शुक्रवारी सकाळी नऊला. स्वरयंत्र काढणार. जीव राहील म्हणतात, आवाज नाही." हसले. "शाळेत पस्तीस वर्षं ओरडलो. कोटा संपला."

मग बाहेर बघत, थांबून थांबून बोलले. "एक लेक आहे. संसार मोडून पिशवी घेऊन दारात आली होती. मी म्हटलं, 'तुझ्याच हाताने केलंस.' ती उंबऱ्यावरूनच परत गेली. अकरा वर्षं झाली. पत्रं न फोडता परत आली, मग पत्ताच बदलला. लिहून खूपदा माफी मागितली हो. पण तोंडाने बोललेलं तोंडानेच परत घ्यावं लागतं. लिहून नाही भागत."

मफलर सारखा करून ते माझ्याकडे वळले.

"तुम्हाला एक विचारू? कोड्याबद्दल कुणाचा... फोन वगैरे आला होता का? एखाद्या बाईंचा?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? 'हो' म्हटलं असतं तर पुढे 'कधी?' आलं असतं, मग 'तुम्ही काय सांगितलंत?' आलं असतं. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं आणि तोंडातून 'नाही' निघून गेलं. अगदी शुद्ध, स्वच्छ 'नाही'.

"बरं," मास्तर म्हणाले. "सहज विचारलं."

जिन्यापर्यंत सोडायला आले. पुढच्या चार रविवारांची पाकिटं तयार करून ठेवली होती, ती माझ्या हातात दिली.

गुरुवार, १९ मार्च

पुरवणीचा प्रमुख झालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन कपडे न बदलता हिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

हिने गॅस बंद करून ऐकलं. शेवटी म्हणाली, "नंबर आहे ना? फोन उचल."

सात वाजले होते. मी म्हटलं, "असं एकदम कसं सांगणार? सकाळी नीट शब्द जुळवून सांगतो."

"शब्दच जुळवत बसा तुम्ही," ही म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवार, २० मार्च

सकाळी मसुदा केला. पहिला फार लांब झाला, दुसऱ्यात माझी सफाई जास्त होती, तिसरा बरा होता. घड्याळ बघितलं तर साडेनऊ.

फोन त्यांनीच उचलला. मसुदा समोर होता, पण त्यातलं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. म्हणालो, "तुमच्या वडिलांचं आज ऑपरेशन आहे. घशाचं. नऊ वाजता होतं."

"आत्ता किती वाजलेत?"

"साडेनऊ."

मग एकेका रविवारची अक्षरं वाचून दाखवली. 'आवाज संपेल त्याआधी ये' वाचल्यावर खुर्ची सरकल्यासारखं ऐकू आलं.

"तुम्हाला हे कधी समजलं?"

'आज' हा शब्द अगदी जिभेवर होता. दोन अक्षरं. मी म्हटलं, "बारा तारखेला."

"आणि आज वीस."

"हो."

त्यांनी हॉस्पिटलचं नाव विचारलं, बसचं स्वतःच बघते म्हणाल्या. सहा तासांचा रस्ता आहे. काल सातला सांगितलं असतं तर पहाटेपर्यंत पोचल्या असत्या. हा हिशेब आज दिवसभर करतोय, उत्तर दर वेळी तेच येतंय.

मंगळवार, २४ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, पद काढून घेतील. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "वाईट झालं. पण तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

"पहिलं नव्हतं केलं, साहेब. नंतरचं मुद्दामच केलं."

"बरं बरं. पण मग पुरवणी कोण बघणार?" आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

शिक्षा झाली असती तर निदान कुठेतरी संपलं असतं.

गुरुवार, २६ मार्च

आज हॉस्पिटलात गेलो. हीच म्हणाली, "जा. आणि आज मसुदा नको."

मास्तर उशीला टेकून बसले होते. गळ्यात नळी, मांडीवर पाटी. शेजारच्या स्टुलावर त्यांची लेक. चाळिशीची असेल, कपाळ थेट वडिलांचं. मी कोण ते सांगितलं तशी ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून.

मी उभ्याउभ्याच बोललो. "मास्तर, तुम्ही मला विचारलं होतं, फोन आला होता का. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. आला होता. दोनदा. पहिल्यांदा सव्वीस फेब्रुवारीला. तुम्ही बरे आहात का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, मजेत असतील. दुसऱ्यांदा बारा मार्चला. तुमच्या सूचनांचे पहिले शब्द मागत होत्या. मी वाचले नाहीत."

मास्तरांनी पेन्सिल घेतली. वाटलं, आता जे लिहितील ते आयुष्यभर पुरेल. त्यांनी एकच शब्द लिहून पाटी माझ्याकडे वळवली.

'दोनदा?'

"हो. दोनदा."

ते पाटीकडेच बघत राहिले. मग ती लेकीच्या दिशेने उंच धरली. ती वळली नाही, म्हणून पेन्सिलीने पाटीवर ठकठक केलं. ती वळली, वाचलं, आणि म्हणाली, "हो अण्णा. दोनदा केला." मास्तर असे हसले, की नळीतून शिट्टीसारखा आवाज आला आणि नर्स धावत आली. मी तिथे आहे हेसुद्धा ते विसरले होते.

मी बाहेर पडलो. जिन्याशी पोचलो तर मागून ती आली.

"त्यांचं सोडा," म्हणाली. "त्यांनी तुम्हाला माफ केलं असेल. त्यांना घाई आहे. मी केलेलं नाही."

"बरोबर आहे."

"बरोबर-चूक मला सांगू नका. मीही अकरा वर्षं दर रविवारी पहिली अक्षरं जोडून, लहानपणी अण्णांनी शिकवली तशी, त्यांचा निरोप वाचत होते आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवत होते. वाटायचं, बघू पुढच्या रविवारी. तेव्हा तुम्ही एकटे नाही आहात. पण त्यामुळे तुमचं कमी होत नाही."

मी मान हलवली. ती गेली नाही. भिंतीला टेकली.

"तुम्ही ऑपरेशनआधीच्या मंगळवारी त्यांच्या घरी गेला होतात ना? अण्णांनी लिहिलं पाटीवर."

"हो."

"बोलले तुमच्याशी?"

"बोलले."

"कसा होता आवाज?"

मी तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांना नावं ठेवली, आज माझ्याकडे एक धड शब्द नव्हता. "घोगरा होता," म्हणालो.

"घोगरा तर असणारच. अजून?"

"थांबत थांबत बोलायचे. 'ळ' मात्र स्पष्ट. 'शाळेत' म्हणाले तेव्हा जीभ लागल्याचं ऐकू आलं. आणि... तुमच्याबद्दल बोलताना आवाज खाली जायचा. फक्त 'लेक' म्हणताना वर चढला."

"अजून."

तिथेच, जिन्याच्या कठड्याला धरून, ते काय काय बोलले ते सगळं तिला सांगितलं. कोटा संपला म्हणाले ते. उंबऱ्याचं. तोंडाने बोललेलं तोंडानेच परत घ्यावं लागतं म्हणाले ते. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच थांबवायची, "'परत घ्यावं' म्हणाले की 'परत घ्यायला हवं'?" मी आठवून सांगायचो. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली.

डोळे पुसून म्हणाली, "उद्या याल?"

"त्यांना भेटायला?"

"नाही. मला हे पुन्हा सांगायला."

उद्या चारला जायचं आहे.